मुलाखतीच्या शेजारचा गोल

श्रीरामपूर, मंगळवार संध्याकाळ

दोन वर्षं मला अरे-तुरे करणारी रेश्मा आज म्हणाली, "तुम्ही आता येऊ नका." तुम्ही!

तिच्या एम.ए.च्या प्रकल्पासाठी पुणतांब्यातल्या मजुरीला जाणाऱ्या बायकांशी बोलायचं होतं. मला कॉलेज जमलं नाही, पण माणसं माझ्याशी बोलतात, म्हणून तिने बरोबर घेतलं. आधी एक वेबसाइट पाठवली. संशोधन कसं करायचं त्याची. शब्द टाकला की नकाशासारखे गोल उघडतात, रेघांनी जोडलेले. "तेवढं ‘मुलाखत’ बघून ये रे." बघितलं की. पण एका गोलातून दुसऱ्यात, फोटो, नकाशे, लोकगीतं, कुठल्या कुठे गेलो. स्टँडवर दोन एसट्या हुकल्या.

काल त्या बायकांपैकी शांताकाकू आपल्या वारलेल्या लेकीबद्दल बोलत होत्या. मी खिशात रेकॉर्डिंग चालू ठेवलं. वाटलं, रेश्मा खूश होईल. आज काकूंसमोरच तिला ऐकवलं. स्वतःचं रडणं ऐकून काकूंचे तांदूळ निवडणारे हात थांबले. "बंद कर बाबा. म्या तुला सांगितलं हुतं, मोबाईलमदी घ्यायचं न्हाई."

आत्ता परत ती साइट उघडली. ‘मुलाखत’च्या अगदी शेजारी ‘संमती’चा गोल. मध्ये एकच रेघ. तेव्हाही दिसला होता. सह्याबिह्यांचं काही असेल म्हणून पुढे गेलो. का गेलो?

काकूंचा आवाज अजून मोबाईलमध्ये आहे. पुसून टाकू? पण त्यात लेकीला मारलेली हाक आहे. म्हणजे तेही काकूंनाच विचारायला हवं. आणि आम्ही निघालो तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं होतं.