चावीची खेळणी, कागदी चिठोरी आणि मधली खोली

मी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंद्याने कवळ्या बनवणारी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाची एक झडप कुरकुरते, पण तिचा अकलेशी संबंध नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. लाडीगोडी एकाने लावून पाहिली, त्याची दखल कलम पाचमध्ये घेतली आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागात लिहिलं होतं.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचा माझा तीन खोल्यांचा फ्लॅट माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या एकुलत्या एका भाचीला मिळावा.

कलम २. बँकेतली शिल्लकही तिलाच. आकडा पासबुकात आहे, तो इथे मिरवायचं कारण नाही. माझ्यामागे फार खर्च करू नये आणि कोणी भाषण करू नये.

कलम ३. कागदांची सहाही कपाटं, म्हणजे सिनेमाची तिकिटं आणि पुस्तिका, काड्यापेट्यांची लेबलं, च्युइंगगमच्या पुडीतली चित्रं, बिल्ले, जाहिरातीची कॅलेंडरं, हे सगळं कोपऱ्यावरच्या रद्दीवालीला द्यावं. वाचणारा चमकेल, म्हणून कारण लिहिते.

बत्तीस वर्षांपूर्वी मी ताईकडे राहत होते. अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस इस्पितळात पडले. तेवढ्यात भावजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, पलंगाखालची माझी पेटी रद्दीत घातली. मी घरी आले तर म्हणाले, "अगं, भंगार होतं नुसतं. बघ, किती जागा झाली!"

टाके ओले असताना मी तशीच बाहेर पडले. चार दुकानं पालथी घातली. पाचव्यात काट्याशेजारी एक तरुण बाई बसली होती. मी पेटीचं वर्णन सुरू केलं, तशी ती उठली आणि आतून पेटी घेऊन आली. एक चिठोरं जागचं हललं नव्हतं.

"मोडीत का नाही काढलीत?" मी विचारलं.

"तिकिटं सालवार लावलेली होती," ती म्हणाली. "इतकं नीट लावणारं माणूस शोधत येणारच, म्हटलं."

ताईच्या घरून मी त्याच महिन्यात निघाले. भावजींशी बोलणं टाकलं, ते तीस वर्षं. या बाईशी मात्र जडलं ते कायमचं. तिचं पोट वजनावर चालतं, पण नजर जवाहिऱ्याची आहे. पिनेचा गंज पाहून पुस्तिका किती जुनी ते सांगते. च्युइंगगमच्या चित्रांत एका अंतराळवीराच्या हाताला सहा बोटं आहेत. पुढच्या छपाईत चित्रकाराने चूक सुधारली. ही दोन्ही चित्रं माझ्याकडे आहेत, ती तिच्यामुळे. अकरा वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या गठ्ठ्यांत तिला ती सापडली, आणि दुसरं सापडलं तेव्हा दुकान उघडं टाकून ती जिने चढत धावत आली होती. हे कागद तिने विकले तरी माझी हरकत नाही. ती विकणार नाही.

कलम ४. मधल्या खोलीतली एकशे बारा चावीची खेळणी आणि माझी सगळी हत्यारं भाचीला द्यावीत. ती लिफ्ट दुरुस्त करते, तेव्हा स्प्रिंग आणि दातेरी चाकं यांच्याशी कसं वागावं हे तिला शिकवायला नको. तरी काही सूचना. चावी गच्च आवळू नये, दोन वळसे आधी थांबावं. तेल काडीच्या टोकाने, थेंबभरच. बाहुलीचा तुटलेला कान मी कवळीच्या हिरडीच्या गुलाबी मसाल्यातून घडवला आहे. तो रंग जुळत नाही म्हणून बदलू नये, कारण त्याहून चांगला कान मला आयुष्यात जमलेला नाही.

ढोल वाजवणाऱ्या अस्वलाचं पोट एकदा उघडून पाहावं. आतल्या बाजूला रंगाच्या डब्याचं लेबल उलटं दिसतं. जुना डबा कापून कोणीतरी हे अस्वल केलं. पोटात कोण बघणार हे ठाऊक असूनही आतल्या कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत. मी पन्नास वर्षं लोकांच्या तोंडात बसणारी वस्तू बनवली. दिसत नाही तिथलं काम कसं असावं, ते मी या अस्वलाकडून शिकले. त्या कारागिराचं नाव कुठेच नाही. नमस्कार घालायचा तर तो त्याला.

खेळणी काचेत कोंडू नयेत. मोडली तर मोडली, चालवावीत.

कलम ५. इस्त्रीच्या शर्टातले एक व्यापारी माझ्याकडे चारदा आले. "मावशी, तुमच्यानंतर ह्याला वाली कोण?" असं म्हणत म्हणत चालत्या यंत्रमानवाचं खेळणं खिशात घालू पाहत होते. ते पाचव्यांदा आले तर चहा द्यावा. खिसे पाहून निरोप द्यावा.

कलम ६. भावजींबद्दल. जुन्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की या माणसाने माझ्या घराचा उंबरठा ओलांडू नये.

तीन वर्षांपूर्वी ताई गेली. गेल्या वर्षी भावजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. भाची जगाच्या लिफ्ट दुरुस्त करते, पण तिच्याच इमारतीला लिफ्ट नाही. ती म्हणाली, "मावशी, महिनाभर ठेवशील का त्यांना? चार मजले कसे चढवू?" मी कपाळाला आठ्या घालून हो म्हटलं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, बोटांना रोज काम द्या. भावजी दिवसभर मधल्या खोलीत खेळण्यांकडे पाठ करून बसत. एका सकाळी मी पत्र्याचं बदक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि न बोलता कामाला गेले. संध्याकाळी बदक तिथेच होतं, पण चावीला घाम लागलेला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. पंधरा दिवस चावी तसूभर फिरली नाही. एकदा त्यांनी चिडून बदक ढकलून दिलं, मग स्वतःच खाली वाकून शोधत राहिले.

एक्केचाळिसाव्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना आतून टकटक ऐकू आली. गेले. बदक टेबलावर तीन पावलं चाललं आणि थांबलं. भावजी रडत होते.

"कोण गं बनवतं असलं?" ते म्हणाले. "केवढंसं आहे, पण चाललं की!"

तीस वर्षांत आम्ही बोललेलं हे पहिलं. महिन्याचं वर्ष झालं. आता ते रोज सकाळी बारा खेळण्यांना चावी देतात, आणि कोणतं आळशी, कोणतं तिरकं, ते मला सांगतात, जणू मला ठाऊकच नाही.

म्हणून बदक त्यांना आणि घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्कही त्यांना, असं मी लिहायला घेतलं. काल वकीलबाईंनी मसुदा मोठ्याने वाचला आणि सांगितलं, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. एक साक्षीदार खालचे शिंपी आहेत, दुसरा बाहेरचा शोधा.

भावजी म्हणाले, "माझा हक्क खोडा. साक्षीदार मी."

"अहो, वेड लागलंय का?" मी म्हटलं.

"मला काही देऊ नकोस. तू कुणाला काय दिलंस आणि का दिलंस, ते मी पाहिलं, एवढंच माझ्या नावावर राहू दे."

भाचीने विचारलं, "बाबा, मग राहणार कुठे?"

"तुझ्याकडे. काढशील बाहेर?"

"रोज धूळ पुसलीत तर नाही काढणार."

वकीलबाईंनी दोन ओळी खोडल्या. त्यामुळे या कलमान्वये भावजींना काहीही मिळत नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे.

स्थळ: मधली खोली, खिडकीजवळचं टेबल
तारीख: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता

लिहून ठेवणार: (सही) कवळीवाली मावशी

साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरचे शिंपी
साक्षीदार २: (सही) भावजी

वकिलांची नोंद: साक्षीदार क्र. २ यांची सही वाकडी असली तरी ग्राह्य धरावी. त्यांना अंगठा चालेल असं मी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. चार मिनिटं लागली, आणि सही उजव्या हाताने केली आहे.