मयत मारोतरावांच्या लॉगिनमधून निघणारे परवाने

प्रति,
मा. सचिव,
हिरवळ गोदाम सहकारी संस्था,
कारंजा लाड, जि. वाशिम.

विषय : नेटवर्कसाठी नुसता स्कॅनर न घेता पेनिट्रेशन टेस्टिंग करवून घेणेबाबत.
संदर्भ : मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

मी संस्थेत संगणक चालक आहे. आपले वरिष्ठ लिपिक मारोतराव ढाकुलकर उन्हाळ्यात वारले. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यांचे नाव कुठूनही पुसायचे नाही, असे आपणच सर्वांसमक्ष सांगितले. त्यामुळे त्यांचे लॉगिन तसेच चालू राहिले. त्यांच्या बंद संगणकावर फोटो असून शिपाई ग्यानबा रोज उदबत्ती लावतो.

दिवाळीपासून त्याच लॉगिनमधून सोयाबीन सोडण्याचे परवाने निघत आहेत. शेरा त्यांच्यासारखाच 'जय गजानन'ने सुरू होतो आणि माल खरोखर गेटबाहेर जातो. त्यांना कमी दिसत असल्याने पासवर्ड मी टाकून देत असे, म्हणून नोटीस मला. साहेब, मी काहीएक केलेले नाही. त्या खोलीत बसायची मला भीती वाटते, आणि हे लिहायची लाजही उरलेली नाही.

लॉगिन बंद करण्यास घरच्यांची संमती आणा, असे आपण सांगितल्यावरून मी धनजला त्यांच्या पत्नी गोजराबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "कायले बंद करता बाई? काम करून राह्यले ना ते." मी चहा घेऊन परत आले.

आता खरेदी समिती म्हणते, नेटवर्कमधल्या त्रुटी शोधणारा स्कॅनर घ्या, सोपा आहे. अहो, चाचणी प्रत मी चालवून पाहिली! तो गावभर फिरून कोणाचे दार ढिले आहे तेवढे सांगणाऱ्या माणसासारखा आहे. आपले ढिले आहे, असे त्याने सांगितले. पण त्या दारातून बाहेरचा माणूस खरोखर आत येऊ शकतो काय, हे तो सांगत नाही, आणि चौकशीत मला तेच विचारतात. पेनिट्रेशन टेस्टिंग करणारा आपल्या लेखी परवानगीने आत शिरूनच दाखवतो. मी संशयित असल्याने ते काम माझ्या हाती देऊ नये, बाहेरचा जाणकार बोलवावा.

तो आत शिरू शकला, तर चोर बाहेरचाही असू शकतो, हे चौकशीला मानावे लागेल. शिरू शकला नाही, तर संशयित म्हणून मी आणि मारोतराव असे दोघेच उरतो, आणि त्यांना नोटीस बजावता येत नाही.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
आपली नम्र,
योगिनी भाऊसिंग जाधव
रा. मानोरा
दि. ८ जानेवारी २०२५

सोबत : नोटीस व स्कॅनर अहवालाची प्रत.