कोरकूच्या अकरा वह्या कोणाच्या

नावावर ना घर ना शेत, अशा मुलीने मृत्युपत्र लिहायला बसावे, या आगाऊपणाची प्रथम क्षमा मागते. मी, द्वारका सुधाकर बेठेकर, वय २७, मूळ राहणार मेळघाट, हल्ली करोल बाग, दिल्ली, हे पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. घरमालकीण वासंतीकाकू म्हणाल्या, "अगं, या वयात कसलं मृत्युपत्र? चलो, आधी दोन घास खा." खाऊन लिहीत आहे.

१. बँकेतील शिल्लक आईबाबांना. स्पर्धा परीक्षेची पुस्तके खोलीतील सोबतीण वैभवीला; तिने समासातील माझ्या टिपा खोडू नयेत.

२. आमच्या कोरकू भाषेतील शब्दांच्या व गोष्टींच्या माझ्या अकरा वह्या आहेत. पहिलीची कोरकू पुस्तके करण्यासाठी गुरुग्रामच्या ज्या संस्थेने मला नोकरीस ठेवले, तिला यातील एक पानही मिळू नये. तेथील नीरज सरांनी हिंदी पुस्तक पुढे टाकले. "अरे यार, फक्त शब्द बदल. तपासणार कोण आहे?" धडा लिफ्टचा होता. ज्या मुलाने दुमजली घर पाहिलेले नाही, त्याला त्याच्याच भाषेत परके करण्याचा हा उद्योग मी नाकारला. तेव्हा माझ्या वह्या 'ऑफिसची प्रॉपर्टी' ठरल्या. त्या नोकरीपूर्वीच्या आहेत. प्रत्येक पानावर तारीख आहे.

३. मात्र सगळा संताप त्यांच्यावर काढणे अप्रामाणिक होईल. आश्रमशाळेत मी पहिली येई, म्हणून मॉनिटर. वर्गात कोरकू बोलणाऱ्याचे नाव मी फळ्यावर लिहायचे, पुन्हा बोलल्यास पुढे फुली. तीन फुल्या झाल्या की दिवसभर उन्हात उभे. कौशल्या माझ्याच बाकावरची. "द्वारके, पूस ना गं," ती म्हणाली. कोरकूत म्हणाली, म्हणून मी तिसरी फुली मारली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. गुरुजींनी माझ्या अक्षराचे कौतुक केले.

४. मराठीत पहिली आल्याचे पदक त्या शाळेस परत करावे.

५. कौशल्या आज गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. वह्यांतील निम्म्या गोष्टी तिने मला फोनवर सांगितल्या. एकदाही फळ्याचा विषय काढला नाही. अकराही वह्या तिच्या. कोणत्या शाळेला द्यायच्या, हे तिनेच ठरवावे.

वह्यांची वारस : कौशल्या नरसिंह कासदेकर. अक्षर तेच आहे. नावापुढे फुली नाही.

सही : द्वारका सुधाकर बेठेकर
साक्षीदार, माझ्यादेखत व एकमेकांदेखत सही करणारे : वासंती दत्तात्रय गोखले, अंशुमन दत्तात्रय गोखले
स्थळ : करोल बाग, दिल्ली

प्रत संस्थेस ईमेलने. कौशल्येस हेच सारे कोरकूत बोलून पाठविले : १२ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.