न्यूक्लिओलसमधला हिरवा उजेड

२९ सप्टेंबर. मायक्रोस्कोपच्या खोलीतलं फिरतं स्टूल कुणीतरी परीक्षा विभागात नेलं. नांदेडच्या विज्ञानावर एवढा मोठा आघात आजवर झाला नसेल. उभ्याने दिसतं, पण उभ्याने विचार होत नाही. काम रद्द.

३० सप्टेंबर. पीएच.डी.ची शेवटची मुदतवाढ दिवाळीला संपते. मग नोंदणीच रद्द. काळजी नाही, विषय सोपा आहे. पेशीच्या केंद्रकात न्यूक्लिओलस नावाचा गोळा असतो, तिथे रायबोसोम तयार होतात. पेशी विभागायला आली की एक एन्झाइम फॉस्फेट चिकटवून गोळा मोडतं. दुसरं ते फॉस्फेट काढून गोळा पुन्हा बांधतं. त्या दुसऱ्याला मी हिरवी चमक जोडली आहे. ती गोळ्यात दिसली की मी डॉक्टर. लातूरहून उज्वलाचा फोन. म्हणाली, "लोकायचे पोरं डॉक्टर झाले, तुमचा गोळा अजून बांधूनच राहिला." बायकोला मूलभूत संशोधन कळत नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. लॅबमध्ये यंत्रपूजा. मायक्रोस्कोप, स्लाइडचे डबे, सगळ्यांना हळदकुंकू माझ्याच हाताने. इन्क्युबेटरच्या आत झेंडूचं फूल. ज्युनिअर नाझनीनच्या पेशीही त्यातच वाढतात. ती म्हणाली, "सर, फूल भायेर ठिवा की." देवाला दाराबाहेर ठेवतात काय? मुहूर्त साधून त्याच हातांनी स्लाइड केल्या.

४ ऑक्टोबर. हिरवं! गोळ्यात हिरवं, गोळ्याबाहेरही हिरवं. एन्झाइम अपेक्षेपेक्षा उत्साही आहे. प्रबंधाची अर्पणपत्रिका लिहून काढली.

७ ऑक्टोबर. इन्क्युबेटरमध्ये बुरशी. नाझनीनच्या सगळ्या पेशी गेल्या, माझ्याही. तिने सुकलेला झेंडू काढून इन्क्युबेटर पुसला. भांडली असती तर बरं झालं असतं. यंदा हवा दमट आहे.

९ ऑक्टोबर. गाइड भीमाशंकर सरांना स्लाइड दाखवल्या. वयाने माझ्याहून धाकटे, पण गाइड. नाझनीनने त्याच डब्यातली कोरी काच लावली. एकही पेशी नाही, तरी हिरवी. "निळ्या उजेडात हळद अशीच चमकते, सर," ती हळूच म्हणाली. भीमाशंकर सर म्हणाले, "मास्तर, वरणात टाकायची वस्तू मायक्रोस्कोपला कामून लावली?" नकारात्मक निष्कर्ष हाही निष्कर्षच असतो, असं मी म्हणालो. कुणी लिहून घेतलं नाही.

११ ऑक्टोबर. मला आणि नाझनीनला लागतात त्या पेशींची एकच गोठवलेली कुपी उरली आहे. माझ्या नावाची. नेटाने वाढवल्या तर दिवाळीपर्यंत जमेल. जमेलच. उद्या पहाटे सुरुवात.

१२ ऑक्टोबर. उठायला नऊ वाजले. लॅबमध्ये कुणी नव्हतं. अतिथंड नायट्रोजनच्या टाकीतून कुपी काढली, स्पिरिटने माझं नाव पुसलं, नाझनीनचं लिहिलं आणि लगेच परत ठेवली. बोटं गारठली होती, अक्षर वाकडं आलं. वाचता येतं.