इंजिनियरसाहेबांचा मुलगा

शहापूर, ९ डिसेंबर

चि. मुकेश यास ताईचा सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून पत्र. इकडे सारे खुशाल. बाबांचा खोकला कमी आहे.

शेजारच्या पिंकीने मोबाईलवर तुझी तिकडची मुलाखत लावली. खालची इंग्रजी अक्षरं ती मराठीत करून सांगत होती. बँकॉकच्या मालिकांचा लाडका नट म्हणे तू! नऊ वर्षांपूर्वी हॉटेलात ताटं उचलायला गेलास, कुठल्याशा शूटिंगला ट्रे धरून उभा राहिलास, मग पडद्यावर स्मगलर झालास, आता हिरॉइनचा श्रीमंत नवरा. त्या कष्टांचा मला अभिमानच होता.

पण तू म्हणालास, वडील भातसा धरण बांधणारे इंजिनियर होते आणि ते वारले. बाबा शेजारी वालाच्या शेंगा सोलत होते. पिंकी अडखळली, तर त्यांनीच विचारलं, पुढं काय बोलला गो?

धरणाच्या दरवाजांना तीस वर्षं ग्रीस लावणाऱ्या बाळारामला तू जिवंतपणी मारलंस. उपकार एवढेच, की मारताना बढती दिलीस.

लोभ आहे, पण आज त्याची लाज वाटते.

तुझी ताई,
पौर्णिमा

बँकॉक, २ जानेवारी

ती. ताईस मुकेशचा सा. जयभीम वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं. शहापुरात बसून तुला या धंद्यातलं काय कळणार? ती गोष्ट मालिकेच्या कंपनीने लिहिली, मी फक्त बोललो. ताटं उचलणाऱ्याला इथे ताटं उचलायचेच रोल मिळतात.

आता कामाचं. चॅनलवाले माझं ‘मूळ घर’ शूट करायला ६ फेब्रुवारीला येतायत. मुरबाडला माझ्या मित्राचं, इंद्रजीतचं फार्महाऊस मागितलंय, मागे सिद्धगड झकास दिसतो. तू जरीची साडी नेसून त्यांना चहा दे. बाबांना दोन दिवस डोळखांबला मालूमावशीकडे ठेव. कॅमेऱ्यासमोर त्यांना काय जमणार नाय, भलतंच बोलून बसतील.

लोभ वाढव, निदान तेवढे दोन दिवस टिकव.

तुझा,
मुकेश

शहापूर, ९ फेब्रुवारी

मुकेश यास जयभीम वि. वि.

तुझी माणसं आली आणि गेली. साडी मी नेसले नाही, चहा इंद्रजीतच्या बायकोने दिला.

बाबांनी तुझं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. मी म्हटलं, आपण दोघं जाऊन खरं सांगू. ते म्हणाले, पोराचं काम जाईल, गप ऱ्हा. त्या दिवशी दाढी केली, धरणावरचा खाकी शर्ट चढवला आणि मुरबाडला जाऊन फार्महाऊसच्या फाटकाशी उभे राहिले; मी त्यांच्या मागेच होते. इथला जुना वॉचमन, अशी स्वतःची ओळख दिली. दुभाष्याला सांगितलं, साहेबांचं पोर याच आंब्यावर चढायचं, मीच उतरवायचो. इंजिनियरसाहेब फार मोठा माणूस होता, असंही म्हणाले. एकदाही चुकले नाहीत.

मग चॅनलवाल्यांनी व्हिडिओ कॉलवर तुला समोर आणलं. सहा वर्षं तू घरी आलेला नाहीस. बाबांनी सलामीचा हात कपाळाशी नेला आणि म्हणाले, सलाम साहेब. तुझा चेहरा पडला, तो मी पाहिला. मग तू कॅमेऱ्यासाठी हसलास आणि म्हणालास, काका, तब्येतीला जपा.

नऊ वर्षांत तुला जमलं नाही ते काम त्यांनी एका सकाळी केलं, तेही तुझ्यासाठी. तू मात्र बापाला काका म्हणून निभावलंस. थू तुझ्या नटपणावर.

लोभाचं काय करायचं ते तूच ठरव.

पौर्णिमा

बँकॉक, २ मार्च

ती. ताईस सा. जयभीम.

तो भाग लागला. लोकांना सगळ्यात जास्त वॉचमन आवडला. चॅनल विचारतंय, त्यांना इकडे आणता का?

त्या दिवशी कॉलवर माझ्यामागे चार माणसं उभी होती. बाबा हा शब्द तोंडाशी आला होता, ताई. बाहेर पडला नाही.

१४ एप्रिलला येतोय. बाबांना सांग.

लोभ मागायला तोंड नाही.

मुकेश

शहापूर, २२ मार्च

चि. मुकेश यास जयभीम वि. वि.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. वॉचमन लोकांना आवडला, एवढा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला.

ये. जयंतीची मिरवणूक असेल, सारा गाव रस्त्यावर असेल. स्टेशनवर मी येणार नाय, बाबा येतो म्हणतात. त्यांनी एकच विचारलंय, चार लोकांत पोराला काय म्हणून हाक मारू?

उत्तर तू दे, आणि पत्रातून नको.

ताई