गंभीर वीराच्या पाठीवर गुरप्पाची घोंगडी

ठाणाकुशनूर,
ता. ११ मार्च २००५

तीर्थरूप अक्का,

धाकट्या मायाप्पाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे पुण्याच्या जिन्यांना सरावले असतील आणि दाजींची साखर जिथल्या तिथे असेल, अशी आशा करतो. इकडे हरभरा निघाला, म्हैस आटली, आणि मंगलशी माझं बोलणं बंद आहे. (बायकोशी बोलणं का बंद, ते ओघात येईल.) फोन न करता पत्र लिहितो, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा सुनीलकुमार कंपनीतली नोकरी सोडून, लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन, गावात उडणाऱ्या वीराचा सिनेमा काढतोय. त्याला चार शब्द सुनाव आणि पुण्याच्या बसमध्ये बसवून दे, असा तुझा हुकूम होता. अक्का, चार शब्दांत बोलणं मला जमत नाही, हे सगळ्या औराद तालुक्याला ठाऊक आहे. मी पावणेदोन तास बोललो. आईबापाचे कष्ट, जगातल्या क्रांत्या, प्रॉव्हिडंट फंड, काही सोडलं नाही. पोरगा डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, पालटला. शेवटी डोळे उघडून म्हणतो कसा, "मामा, माझ्या वीराला हाच आवाज पाह्यजे!" त्याचा मूळ वीर आदल्या दिवशी हैदराबादला कामाला निघून गेला होता.

अशा रीतीने मी चोपन्नाव्या वर्षी उडू लागलो.

पण तत्त्व सोडलं नाही. पहिली अट घातली, की वीर गंभीर राहील आणि त्याच्यावर कुणी हसणार नाही. मी एवढं वाचलंय ते उगाच नव्हे. लोक ज्याला हसतात त्याच्या मागे ते जात नाहीत. दुसरी अट पोशाखाची. परदेशी वीर पाठीला झुळझुळीत कापड बांधून उडतात. आपण मेंढरांमागे वाढलेली माणसं. आपल्या वीराच्या पाठीवर घोंगडीच हवी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरप्पा मेंढक्याच्या खांद्यावरची घोंगडी तिथल्या तिथे उतरवून माझ्या गळ्यात बांधली गेली.

घोंगडी उडत नाही, अक्का. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फळीवर मला पालथं घातलं, मागे दोन पंखे लावले. माझे केस उडाले, धोतर उडालं, घोंगडी ढिम्म. शिवाय ती टोचते. वीराने अन्यायाकडे बोट रोखायचं आणि त्याच बोटाने मान खाजवायची, हे शोभत नाही.

तिसऱ्या दिवशी माळावर माझं मुख्य भाषण होतं. दुष्ट माणूस (म्हणजे गिरणीवाला मल्लिकार्जुन) गावच्या चराईच्या माळाला कुंपण घालतोय आणि वीर त्याला ललकारतो, असा प्रसंग. मी सुरुवात केली. समोरची माणसं तोंडावर हात धरून थरथरत होती. मला वाटलं, गहिवरली. तेवढ्यात मागून "बेंऽऽ" असं उत्तर आलं. वळून बघतो, तर गुरप्पाची चाळीस मेंढरं माझ्यामागे ओळीनं उभी! ती मालकाला नव्हे, घोंगडीच्या वासाला ओळखतात, हे मेंढक्याच्या घरात जन्मून मी कसं विसरलो? मी डावीकडे सरकलो, ती डावीकडे. मी गरजलो, ती गरजली. एक मेंढी घोंगडीचा कोपरा चघळू लागली. मल्लिकार्जुन दुष्टपणा सोडून जमिनीवर लोळत होता आणि मंगल हसून हसून खाली बसली. (बोलणं तेव्हापासून बंद.)

मी म्हणालो, हे सगळं काप. तुझा मुलगा तुझ्यासारखाच हट्टी. "मामा, कामून चिडायलाव? लोक हसलं तर कान उघडतील. फकत तुमी हसू नका. तुमी जेवढं चिडाल तेवढं चांगलं!"

परवा जत्रेत पडदा लागला. मी जाणार नव्हतो. गेलो, पण शेंगदाणेवाल्याच्या आडोशाला उभा राहिलो. लोक एकमेकांच्या अंगावर कोसळत होते. माझे कान तापले. मग शेवट आला. कुंपण उखडलं गेलंय, मोठ्या शहरातून वीराला बोलावणं आलंय, आणि तो मेंढरांमध्ये उभा राहून म्हणतो, "उडता येतंय म्हणून निघून जायचं नसतं." हसणं असं थांबलं, की जनरेटरची घरघर ऐकू आली. सरुबाईचे दोन्ही मुलगे पुण्यात बांधकामावर आहेत. तिने पदर तोंडाला लावला. तीस वर्षं मी भाषणं करतोय, अक्का, अशी शांतता मला कधी मिळाली नव्हती. (मला मिळते ती शांतता लोक घरी गेल्यावरची.)

ते वाक्य तुला उद्देशून नाही. माझंही नाही, सुनीलकुमारने लिहिलंय.

दाजींना नमस्कार.

तुझा,
मायाप्पा

ता. क. : हे पत्र मी पूर्ण गांभीर्याने लिहिलं आहे. वाचताना तू एकदाही हसली नसशील, तर पोराला मी स्वतः पुण्याला आणून सोडतो. हसली असशील, तर त्याचं म्हणणं खरं; मग त्याला इथेच राहू दे. खोटं सांगू नकोस. खोटं बोलताना तू पदराला गाठी मारतेस, दाजी बघतीलच.

आणखी एक : अप्पांची जुनी घोंगडी तुझ्या ट्रंकेत आहे, ती न धुता पाठव. गुरप्पाला त्याची परत द्यायची आहे. चार दिवस झाले, त्याची मेंढरं माझ्या दारात उभी आहेत.