घुमट कोरडा होता

४ सप्टेंबर
नोकरी लागली! ढगांच्या रडारवर. गच्चीवर पांढऱ्या घुमटाखाली यंत्र. त्याच्या लहरी सरळ वर जातात, ढगातल्या थेंबांवर आपटून परत येतात आणि खालच्या खोलीत पडद्यावर ढगाचं अख्खं पोट दिसतं. महिनाभर ट्रायल. टिकलो तर कायम, नाहीतर दाजींच्या नळाच्या दुकानात गल्ल्याशेजारी स्टूल. शी! निश्चय : आठवड्यात रडार कोळून पिणार.

५ सप्टेंबर
माझं काम : घुमट पुसणे. फडक्याने! वर कबुतरांची घाण, मेलेले किडे. किळस. पाऊस चालू असला तरी पुसायचा, पाणी राहता कामा नये, असं रडारच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. कारणही सांगत होत्या, पण खिडकीतून समोरची क्रेन दिसत होती. एवढ्या उंचावर ड्रायव्हर डबा कुठे ठेवत असेल?

९ सप्टेंबर, दुपार
रडारचं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर ‘तरंगलांबी’. तरंगावरून गिटार आठवली, गिटारवरून मित्र. मित्राकडे जाऊन आलो. उद्यापासून नक्की.
ताईचा फोन. शास्त्रज्ञांबरोबर बसतोस का रे? बसतो म्हटलं. एकदा जेवताना बसलो होतो.

१४ सप्टेंबर
दिवसभर रिपरिप. बूट कुजले. मोजे काढले की माझं मलाच मळमळतं. इंजिनियर म्हणाला, महाराज, जरा दाबून पुसा. स्वतः एसीत बसून चहा ढोसतो! मॅडम तीन वर्षं एका मोठ्या वादळी ढगाची वाट बघतायत, तो म्हणे परवा डोक्यावरून जाणार. सगळे हुरळलेत. माझ्या बुटांचं कुणाला काय!

१५ सप्टेंबर
डोकं लागतं! घुमटावर ताडपत्री ताणली, चारी कोपरे कठड्याला बांधले. पुसायची कटकटच मिटली. कुणाला बोललो नाही, सरप्राइज. कायम तर करतीलच, वर बढतीही द्यावी लागेल.

१६ सप्टेंबर
बाहेर आभाळ फाटलंय आणि पडद्यावर जवळजवळ काहीच नाही. खाली नुसती बोंबाबोंब. विजा पडतायत म्हणून गच्चीवर जायला बंदी. इंजिनियर बटणं बंद-चालू, बंद-चालू करतोय. माझी बाजू चोख. खुर्चीत ताणून दिली.

१७ सप्टेंबर
ढग गेला, मग मॅडम वर आल्या. ताडपत्रीच्या पोटात बादल्याबादल्या पाणी लोंबत होतं. लहरी या पाण्यातच अडकल्या, ढगापर्यंत पोचल्याच नाहीत, असं अगदी हळू म्हणाल्या. मी ताडपत्रीखाली हात फिरवून दाखवला : घुमट बघा, मॅडम, एक थेंब नाही! इंजिनियर भिंतीकडे तोंड करून उभा.
धीर द्यावा म्हणून म्हटलं, ढगच तो, परत येईल.
मॅडम म्हणाल्या, ढग येईल. तू येऊ नकोस.
कृतघ्न माणसं!
संध्याकाळी दाजींना फोन केला. दुकान किती वाजता उघडतं, विचारलं.